मावर की प्रायर? २००१ च्या पहिल्या निवडीचं प्रकरण

अमेरिकन बेसबॉलच्या २००० सालच्या हंगामात मिनेसोटा ट्विन्स ९३ सामने हरले. टॅम्पा बे डेव्हिल रेज ९२ हरले. जिंकलेले सामने दोघांचेही ६९. फरक इतकाच की टॅम्पाचा एक सामना झालाच नाही. तेवढ्यावर ट्विन्स अमेरिकन लीगच्या तळाला गेले आणि जून २००१ च्या ड्राफ्टमधली, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वाटपातली, पहिली निवड त्यांच्या पदरात पडली. त्यांच्याहून वाईट खेळलेले संघही होते. शिकागो कब्ज तर ६५च सामने जिंकले होते. पण तेव्हा पहिल्या निवडीचा मान अमेरिकन आणि नॅशनल या दोन लीगांमध्ये आलटून पालटून जायचा आणि २००१ ची पाळी अमेरिकन लीगची होती. म्हणून ट्विन्स पहिले आणि कब्ज दुसरे. ही उतरंड उलटी असती तर पुढचं काहीच लिहिण्यासारखं उरलं नसतं.

आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्यांसाठी एक खुलासा. ड्राफ्टमध्ये बोली लागत नाही. संघ क्रमाने एकेक नाव घेतात आणि ज्याने नाव घेतलं त्याच्याशीच त्या मुलाला बोलणी करावी लागतात. पैशाचं जमलं नाही तर शाळकरी मुलगा कॉलेजात जातो, कॉलेजातला तिथेच राहतो आणि पुढच्या एखाद्या वर्षी पुन्हा उतरतो. जमलं तर मात्र मेजर लीगमधली, म्हणजे सर्वांत वरच्या पातळीवरची, त्याची पहिली साधारण सहा वर्षं त्या संघाच्या ताब्यात असतात. त्यातली पहिली तीन जवळजवळ किमान पगारावर. ही सहा वर्षांची गोष्ट लक्षात ठेवा. माझ्या मते या प्रकरणाची किल्ली तिच्यात आहे.

पेच काय होता

त्या वर्षी सगळ्यांच्या तोंडी एकच नाव होतं: मार्क प्रायर. सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा उजव्या हाताचा पिचर, म्हणजे बेसबॉलचा गोलंदाज. त्या मोसमात १५ विजय, १ पराभव. दर नऊ इनिंगमागे दिलेल्या धावा १.६९. २०२ फलंदाज स्ट्राइक आउट (तीन स्ट्राइक, म्हणजे तीन चेंडू चुकवून किंवा सोडून बाद), आणि फुकटचा बेस दिला फक्त १८ जणांना. चेंडू टाकण्याची त्याची पद्धत इतकी निर्दोष मानली जायची की याच्या खांद्याला काही होणार नाही, असं जाणती माणसंसुद्धा बोलून जायची. कॉलेजातून आला की वर्षभरात मेजर लीगमध्ये उभा राहील, याबद्दल फारसा वाद नव्हता.

दुसरा होता जॉर्जिया टेकचा फलंदाज मार्क टेशेरा. आणि तिसरा जो मावर: १८ वर्षांचा, डावखुरा फलंदाज, सेंट पॉलच्या क्रेटिन-डरहम हॉल शाळेचा. म्हणजे ट्विन्सच्या मेट्रोडोम मैदानापासून गाडीने काही मिनिटांवर वाढलेला घरचा पोरगा. शाळेच्या चार वर्षांत तो बेसबॉलमध्ये एकदाच स्ट्राइक आउट झाला, असं सांगतात. अमेरिकन फुटबॉलमध्येही तो देशातल्या उत्तम शाळकरी क्वार्टरबॅकांपैकी होता आणि फ्लोरिडा स्टेट विद्यापीठाने त्याला आपल्याकडे ओढून ठेवलं होतं. उंची सहा फूट पाच इंच. आणि जागा: कॅचर.

कॅचर म्हणजे आपला यष्टिरक्षक, पण तेवढ्यावर भागत नाही. धोनी कसोटीत फिरकीला यष्टींजवळ वाकायचा, वेगवान गोलंदाज आला की मागे जायचा, षटकं संपली की चालत दुसऱ्या टोकाला जायचा. बेसबॉलचा कॅचर सामन्यात सव्वाशे-दीडशे वेळा त्याच एका जागी उकिडवा बसतो, बॅटच्या टोकापासून हाताच्या अंतरावर, आणि ताशी १५० किलोमीटरच्या आसपासचा चेंडू झेलतो. कोणता चेंडू टाकायचा हे पिचरला बोटांच्या खुणांनी सुचवायचं कामही त्याचंच. बेस चोरायला निघालेल्याला उकिडव्या अवस्थेतून उठून फेकून बाद करायचं कामही त्याचंच. आणि हा हंगाम १६२ सामन्यांचा.

सहा फूट पाच इंचांचा माणूस वर्षानुवर्षं असा बसणार, हे ऐकूनच गुडघे दुखायला लागतात. संघांसाठी खेळाडू हेरणाऱ्या स्काउट लोकांनाही ही शंका होती.

कॅचरला पहिला हात का लावत नाहीत

ही नुसती शंका नव्हती, मागे इतिहास होता. १९६६ मध्ये न्यूयॉर्क मेट्सनी पहिल्या क्रमांकावर स्टीव्ह चिलकॉट नावाचा शाळकरी कॅचर घेतला. खांदा दुखावला आणि तो मेजर लीगमध्ये एकही सामना खेळला नाही. दुसऱ्या क्रमांकावर गेला होता रेजी जॅक्सन, पुढे ५६३ होम रन (आपल्या षटकारासारखे मैदानाबाहेरचे फटके) मारणारा. १९७० मध्ये सॅन डिएगोने माइक आयव्ही घेतला. तो कॅचरची जागा सोडून फर्स्ट बेसकडे, म्हणजे पहिल्या बेसजवळच्या क्षेत्ररक्षकाच्या जागी गेला. डॅनी गुडविनला तर १९७१ आणि १९७५ अशा दोन वेळा पहिल्या क्रमांकावर निवडलं गेलं, असं भाग्य दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आलेलं नाही. मेजर लीगमधली त्याची कारकीर्द मुख्यतः दुसऱ्याच्या जागी बॅटिंग करण्यात आणि फर्स्ट बेसवर गेली.

उलट बाजूला पाहा. माइक पियाझा १९८८ मध्ये ६२व्या फेरीत निवडला गेला, १३९०वा. तोही घरच्या ओळखीखातर. बेसबॉलमधल्या थोरांच्या यादीत, हॉल ऑफ फेममध्ये गेला. होर्हे पोसाडा २४व्या फेरीतला. याडिएर मोलिना चौथ्या फेरीतला. इव्हान रॉड्रिगेझ प्वेर्तो रिकोचा, तो ड्राफ्टमधून आलाच नव्हता. म्हणजे मोठे कॅचर खालून वर येतात आणि वरून घेतलेले घसरतात, असं चित्र दिसतं.

याची कारणं सांगायला फार डोकं चालवावं लागत नाही. कॅचरला दोन धंदे एकाच वेळी शिकायचे असतात, म्हणून त्याची फलंदाजी उशिरा पिकते. शरीर लवकर झिजतं. विश्रांतीसाठी त्याला वर्षाला तीस-चाळीस सामने बसवावंच लागतं, त्यामुळे तोच फलंदाज दुसऱ्या जागेवर जितका उपयोगी पडला असता त्याहून कमी पडतो. आणि जो खरोखर उत्तम फलंदाज निघतो, त्याला वाचवण्यासाठी संघच कॅचरच्या जागेवरून हलवतो. शाळकरी कॅचर या सगळ्यात सर्वांत बेभरवशाचा, कारण १८ व्या वर्षी त्याचं शरीर कुठवर वाढणार हेही ठाऊक नसतं.

मग घ्यायचंच कशाला? कारण आपल्याकडे २००३ च्या विश्वचषकात दिसलं ते. राहुल द्रविडने ग्लोव्हज घातले म्हणून भारताला एक फलंदाज जास्त खेळवता आला. द्रविडच्या धावा त्याच होत्या, पण तो यष्टींमागे उभा राहिल्यावर त्या धावांची किंमत वाढली. बेसबॉलमध्ये बहुतेक कॅचर जेमतेम फलंदाजी करतात आणि संघ ते चालवून घेतात. त्या जागेवर खरा फलंदाज मिळाला तर प्रतिस्पर्ध्यावर रोज, प्रत्येक सामन्यात आघाडी. फक्त तो तिथे टिकला पाहिजे.

निवड

५ जून २००१ रोजी ट्विन्सनी मावरचं नाव घेतलं. कब्जनी लगोलग प्रायर उचलला.

लोकांनी जे म्हणायचं ते म्हटलं: मालक कंजूष आहेत. आणि आकडे त्यांच्या बाजूने होते. मावर ५१.५ लाख डॉलरच्या बोनसवर आला. प्रायरला कब्जनी पाच वर्षांचा एकूण १ कोटी ५ लाख डॉलरचा मेजर लीग करार दिला. ट्विन्स तेव्हा सगळ्यात कमी पगार देणाऱ्या संघांपैकी एक होते. त्याच वर्षी नोव्हेंबरात मालकांच्या सभेने दोन संघ बंद करण्याच्या बाजूने कौल दिला, आणि त्या दोनांत ट्विन्सचं नाव घेतलं जात होतं. घर विकायला काढलेल्या माणसाने नवी तिजोरी आणावी, तसा हा प्रकार वाटला असेल.

कंजुषीचा आरोप अर्धा खरा आहे, पण त्यांच्या बाजूचीही एक गोष्ट आहे. निवड करून मुलगा हाती न लागण्याचं दुखणं ट्विन्सना जुनं होतं. १९८३ मध्ये पहिल्याच क्रमांकावर टिम बेल्चर हा पिचर निवडला. तो आला नाही. १९९३ मध्ये पहिल्या फेरीत जेसन व्हॅरिटेक हा कॅचर निवडला. तो जॉर्जिया टेकला परत गेला आणि पुढे बॉस्टनचा कर्णधार झाला. १९९६ मध्ये ट्रॅव्हिस ली. कराराचा प्रस्ताव मुदतीत पोचला नाही या नियमावर बोट ठेवून तो मोकळा झाला आणि ॲरिझोनाकडून १ कोटी डॉलर घेऊन गेला. आदल्याच वर्षी, २००० मध्ये, दुसऱ्या क्रमांकावर त्यांनी ॲडम जॉन्सन हा कॉलेजातला पिचर घेतला होता. मेजर लीगमध्ये त्याने मोजके सामने टाकले आणि तेही वाईट. पिचर म्हणजे भरवसा, हे वाक्य त्या कार्यालयात २००१ च्या जूनमध्ये कुणी मोठ्याने म्हटलं असेल असं मला वाटत नाही.

सेंट पॉलचा मुलगा घरी राहायला तयार होता. त्याचा थोरला भाऊ जेक याचीही ट्विन्सनी त्याच ड्राफ्टमध्ये २३व्या फेरीत निवड केली. दोघं भाऊ एलिझाबेथटनच्या नवशिक्या संघात एकत्र खेळायला गेले. जोने तिथे ३२ सामन्यांत .४०० ची सरासरी काढली, म्हणजे दर दहा प्रयत्नांत चार यशस्वी फटके.

पुढची दोन वर्षं मात्र ट्विन्सच्या बाजूने बोलणं अवघड होतं. प्रायर मे २००२ मध्ये मेजर लीगमध्ये आला. २००३ मध्ये १८ विजय, ६ पराभव, नऊ इनिंगमागे धावा २.४३, २४५ स्ट्राइक आउट. त्या ऑक्टोबरात कब्ज जवळजवळ साठ वर्षांनी वर्ल्ड सिरीजच्या, म्हणजे अंतिम लढतीच्या, उंबऱ्यावर होते, पाच आउट बाकी होते आणि चेंडू प्रायरच्या हातात होता. तो सामना कसा हातचा गेला ते बेसबॉलवाल्यांना सांगायला नको. पण हरतानाही तो मुलगा २३ वर्षांचा होता आणि मावर अजून खालच्या मायनर लीगमध्ये बस प्रवास करत होता.

पिअरझिन्स्कीचा हिशेब

आता या प्रकरणातला तो भाग, जो मावर-प्रायर वादात सहसा कुणी काढत नाही.

२००१ मध्ये ट्विन्सकडे कॅचर होता. ए. जे. पिअरझिन्स्की, वय २४, १९९४ च्या ड्राफ्टमध्ये तिसऱ्या फेरीत घेतलेला. २००२ मध्ये तो ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक संघात, झाला, २००३ मध्ये .३१२ ने खेळला. म्हणजे ज्या जागेवर स्वतःच पिकवलेला चांगला तरुण खेळाडू उभा आहे, त्याच जागेसाठी संघाने देशातली पहिली निवड खर्च केली होती. त्या दिवसाच्या गरजेकडे पाहिलं तर हा वेडेपणा.

पण ड्राफ्टमध्ये आजची गरज पाहायची नसते, हे इथे जितकं लख्ख दिसतं तितकं क्वचितच दिसतं. मावर वर यायला तयार झाला तेव्हा पिअरझिन्स्की विकता येण्याजोगा झाला होता. नोव्हेंबर २००३ मध्ये ट्विन्सनी त्याला सॅन फ्रान्सिस्को जायंट्सना दिलं आणि बदल्यात तीन पिचर घेतले: जो नेथन, फ्रान्सिस्को लिरियानो, बूफ बॉन्सर. नेथनने ट्विन्ससाठी २६० सामने शेवटच्या इनिंगमध्ये राखले. लिरियानो २००६ मध्ये १२ विजय, ३ पराभव, नऊ इनिंगमागे धावा २.१६ असा खेळला. जायंट्सच्या इतिहासातल्या वाईट सौद्यांमध्ये हा सौदा हमखास मोजला जातो.

मावरच्या निवडीच्या खात्यात हे तिघे जमा करायचे की नाही? मी करतो, पूर्ण नाही तरी बराचसा भाग. मावर नसता तर पिअरझिन्स्कीला सोडायची ट्विन्सची छाती झाली नसती. चांगला कॅचर बाजारात दुर्मिळ असतो, म्हणून ज्याच्याकडे दोन असतात त्याला दुसऱ्याचा भाव जबरदस्त मिळतो. फर्स्ट बेसवाले दोन असले तर एक बाकावर बसतो किंवा फुकापासरी जातो.

गुडघा

५ एप्रिल २००४ ला मावर पहिला सामना खेळला. दुसऱ्या दिवशी मागे उडालेला चेंडू पकडायला धावला, मेट्रोडोमच्या कृत्रिम गवतावर घसरला आणि डाव्या गुडघ्यातली गादी फाटली. शस्त्रक्रिया. त्या वर्षी एकूण ३५ सामने. टीकाकारांना दोन दिवसांत हवं ते सगळं मिळालं.

आणि इथे मावरच्या विरोधातला सर्वांत बळकट पुरावाही आहे, तो लपवून चालणार नाही. त्या वर्षी कॅचरची जागा हेन्री ब्लँको या अनुभवी, स्वस्तात आणलेल्या माणसाने सांभाळली. त्याची सरासरी .२०६. ट्विन्स ९२ सामने जिंकून विभागात पहिले आले. म्हणजे नुसता सांभाळणारा, चांगला फेकणारा कॅचर बाजारात मिळतो, त्याच्यासाठी पहिली निवड घालवायला नको, आणि तेवढ्यावर संघ जिंकूही शकतो. हा मुद्दा मला मान्य आहे. पहिल्या फेरीत फक्त ‘चांगला झेलतो’ म्हणून घेतलेल्या मुलाचं समर्थन ब्लँको एकटा उडवून लावतो.

मावर नुसता झेलणारा नव्हता. २००६ मध्ये तो .३४७ ने अमेरिकन लीगचा सर्वाधिक सरासरीचा फलंदाज ठरला. त्या लीगच्या इतिहासात एकाही कॅचरला तोवर हे जमलं नव्हतं. २००८ मध्ये पुन्हा, .३२८. २००९ मध्ये तिसऱ्यांदा, .३६५, सोबत २८ होम रन, आणि सर्वोत्तम खेळाडूच्या मानासाठी पहिल्या पसंतीच्या २८ पैकी २७ मतं. तीन वेळा फलंदाजीचा किताब मिळवणारा तो एकमेव कॅचर आहे. वर त्या काळात उत्तम क्षेत्ररक्षणाचे तीन गोल्ड ग्लोव्ह.

प्रायरचं काय झालं? खांदा, कोपर, टाच, पुन्हा खांदा. ऑगस्ट २००६ मध्ये, वयाच्या २५ व्या वर्षी, तो मेजर लीगमधला शेवटचा सामना खेळला. एकूण ४२ विजय. त्यानंतर कित्येक वर्षं तो परतायचा प्रयत्न करत राहिला. पुढे लॉस एंजेलिस डॉजर्सचा पिचिंग प्रशिक्षक झाला आणि नाव कमावलं. निर्दोष पद्धत खांद्याला वाचवू शकली नाही. तिसऱ्या क्रमांकावरच्या ड्यूअन ब्रेझलटन या पिचरची कारकीर्द ८ विजय, २५ पराभव अशी आटोपली. पाचवा टेशेरा मात्र ४०९ होम रन मारून गेला. त्यामुळे ट्विन्सना ‘खरी’ तुलना करायची असेल तर प्रायरशी नको, टेशेराशी करायला हवी. ती तुलना बरीच अटीतटीची आहे. तरी मावर पुढे राहतो असं माझं मत.

मग डोकं

मार्च २०१० मध्ये, नवं उघड्यावरचं टार्गेट फील्ड सुरू होण्याच्या तोंडावर, ट्विन्सनी मावरशी आठ वर्षांचा १८.४ कोटी डॉलरचा करार केला. २०११ पासून वर्षाला २.३ कोटी. घरचा मुलगा, नवं मैदान, तिकिटं विकायची होती. सही झाली तेव्हा कुणी नाक मुरडलं नाही.

२०११ मध्ये त्याच्या पायांतली शक्ती गेली. तो ८२ सामने खेळला आणि संघ ९९ हरला. मग सावरला. ऑगस्ट २०१३ मध्ये मेट्सविरुद्ध बॅटला चाटून आलेले चेंडू मुखवट्यावर आदळले आणि मेंदूला धक्का बसला. तो मोसम तिथेच संपला. २०१४ पासून तो फर्स्ट बेसवर गेला आणि पुन्हा कॅचर म्हणून बसला नाही. म्हणजे एकदाच बसला: ३० सप्टेंबर २०१८, कारकिर्दीचा शेवटचा दिवस, शेवटची इनिंग, अंगावर जुनं चिलखत, एक चेंडू, आणि बाहेर. टार्गेट फील्डवर त्या वेळी टाळ्या थांबेनात.

ती पाच वर्षं मला या प्रकरणात सगळ्यात शिकवणारी वाटतात. २०१७ घ्या: सरासरी .३०५, होम रन ७. हे आकडे कॅचरचे असते तर तो पुन्हा ऑल-स्टार झाला असता. फर्स्ट बेसवाल्याकडून होम रनची अपेक्षा असते, तिथे ते बरे म्हणावेत असे होते, बस्स. माणूस तोच, हात तेच, डोळा तोच. कॅचरच्या जागेवरून नव्वद फुटांवर सरकला आणि भाव उतरला. ड्राफ्टच्या वेळी स्काउट लोक कॅचरबद्दल एक दिलासा देतात: ‘नाही टिकला कॅचर म्हणून, तर बॅट आहेच, फर्स्ट बेसवर खेळवू.’ मावरच्या बाबतीत ती बॅट इतिहासातल्या उत्तम कॅचरांपैकी एकाची होती, तरीही फर्स्ट बेसवर ती साधारण ठरली. मग बाकीच्यांच्या बाबतीत हा दिलासा किती खरा असेल?

तर मग

या प्रकरणावर वाद घालणारे बहुतेक जण सगळी कारकीर्द एका तागडीत टाकतात. मावर हॉल ऑफ फेममध्ये गेला (२०२४, पहिल्याच वर्षी, ७६.१ टक्के मतं), म्हणून निवड बरोबर. किंवा २.३ कोटी घेऊन फर्स्ट बेसवर चार होम रन मारले, म्हणून कॅचर घेणं मूर्खपणा. दोन्ही हिशेब चुकीचे. ड्राफ्ट कारकीर्द विकत घेत नाही, ताब्यातली वर्षं विकत घेते.

ट्विन्सच्या ताब्यातली वर्षं २००४ ते २००९. २००७ च्या चार वर्षांच्या ३.३ कोटींच्या करारामुळे २०१० सुद्धा त्यांत आलं. बोनस धरूनही सात मोसमांचा खर्च ४ कोटी डॉलरच्या आत. त्या सातांत तीन फलंदाजीचे किताब, एक सर्वोत्तम खेळाडूचा मान, आणि सातही मोसम तो कॅचरच होता. गुडघ्याचा पहिला धक्का सोडला तर जी झीज सगळ्यांना भेडसावत होती ती २०११ पासून आली, म्हणजे ड्राफ्टने घेतलेला माल वापरून झाल्यावर. ती २०१० च्या करारावर पडली. तो करार चुकला असेल तर ती २०१० ची चूक आहे, २००१ ची नाही.

यातून एक उलटी गोष्ट निघते. शाळकरी कॅचर सगळ्यात धोक्याचा, हे सर्वमान्य मत. पण मावर १८ व्या वर्षी आला म्हणूनच २१ व्या वर्षाच्या तोंडावर मेजर लीगमध्ये उतरला आणि २७ व्या वर्षापर्यंतचा त्याचा सगळा तरुण काळ स्वस्तात मिळाला. कॉलेजातला कॅचर २४ व्या वर्षी वर येतो. ताब्यातली सहा वर्षं संपतात तेव्हा तो तिशीला टेकलेला असतो आणि गुडघे आधीच कुरकुरायला लागलेले असतात. बॉल्टिमोरने २०१९ मध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला ॲडली रचमन कॉलेजातला. तो २४ व्या वर्षी, मे २०२२ मध्ये आला आणि त्या वर्षापासूनच संघ पालटला. २०२३ मध्ये १०१ विजय. पण २०२५ मध्ये दुखापतींनी त्याला बराच काळ बाहेर ठेवलं. ‘कॉलेजातला घ्या, तो सुरक्षित’ हा सल्ला खात्रीच्या बाजूने बरोबर आहे. वयाच्या बाजूने त्याची किंमत मोजावी लागते, हे सहसा कुणी बोलत नाही. अर्थात शाळकरी मुलांमध्ये मावर एखादाच निघतो आणि चिलकॉट कितीतरी, हेही खरं. मी संघाचा मालक असतो तर शाळकरी कॅचर पहिल्या पाचांत घेण्याआधी दहा वेळा विचार केला असता आणि नऊ वेळा नाही म्हटलं असतं.

कॉलेजातला म्हणजे हमी, असंही नाही. २००५ मध्ये सिअॅटलने तिसऱ्या क्रमांकावर जेफ क्लेमेंट हा कॅचर घेतला. त्याच्यानंतर त्याच पहिल्या फेरीत रायन झिमरमन, रायन ब्रॉन, ट्रॉय टुलोवित्स्की आणि अँड्र्यू मॅककचेन गेले. क्लेमेंटचे गुडघे गेले, बॅटही चालली नाही. तीन वर्षांनी जायंट्सनी पाचव्या क्रमांकावर बस्टर पोझी हा कॉलेजातला कॅचर घेतला आणि त्याच्या जोरावर तीन विजेतेपदं जिंकली.

मावरच्या वाट्याला तसं काही आलं नाही. प्लेऑफमध्ये तो दहा सामने खेळला आणि ट्विन्स दहाही हरले. २००९ मध्ये न्यूयॉर्क यांकीजविरुद्ध अकराव्या इनिंगमध्ये त्याचा एक फटका सरळ आतल्या बाजूला पडला होता, पंचाने तो बाहेर दिला. मिनेसोटात तो पंच आजही कुणाला आवडत नाही. यात निवडीचा दोष काढता येणार नाही. कॅचर दोन चेंडूंमध्ये संघ सांभाळतो, यांकीजचा पगारखर्च सांभाळू शकत नाही.

आज हाच प्रश्न थोडा वेगळ्या रूपात येतो. काठावरचा चेंडू हलक्या हाताने झेलून पंचाकडून स्ट्राइक मिळवायची कला २००१ मध्ये कुणाला मोजता येत नव्हती; २००८ च्या सुमाराला कॅमेऱ्यांनी ती मोजायला सुरुवात केली आणि फलंदाजी न येणाऱ्या कॅचरांचेही भाव वधारले. आता २०२६ पासून पंचाच्या निर्णयाला यंत्राकडे दाद मागायची सोय आहे, म्हणजे त्या कलेतला काही भाग पुन्हा उतरेल. अशा वेळी बॅट असलेला कॅचर अधिकच मोलाचा, आणि नुसता झेलणारा पुन्हा ब्लँकोच्या भावाला.

पैशाचं गणितही बदललं आहे. आता प्रत्येक संघाला पहिल्या दहा फेऱ्यांसाठी बोनसची एक ठरावीक थैली मिळते. वरच्या क्रमांकावर कमी पैशात राजी होणारा मुलगा घेतला, तर वाचलेले पैसे खालच्या फेऱ्यांत वापरता येतात. २०२१ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी नेमकं हेच केलं. पहिल्या क्रमांकावर लुइव्हिलचा कॅचर हेन्री डेव्हिस घेतला, त्या जागेच्या दरापेक्षा बऱ्याच कमी, ६५ लाख डॉलरला. उरलेल्या पैशांतून तिसऱ्या फेरीत बबा चँडलर या शाळकरी पिचरला ३० लाख देऊन कॉलेज फुटबॉलपासून तोडलं. लोकांनी २००१ सारखंच म्हटलं: कंजूष.

डेव्हिस वर आला तेव्हा आधी त्याला बाहेरच्या मैदानात उभं केलं. कॅचर म्हणून तो हळूहळू बसला, पण २०२५ मध्येही त्याची सरासरी .२०० च्या खाली होती. चँडलर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मेजर लीगमध्ये आला आणि त्याचा चेंडू पाहून पिट्सबर्गवाले खूश आहेत. आणि पायरेट्सचा २०२३ चा पहिल्या क्रमांकाचा पिचर, पॉल स्कीन्स, २०२५ मध्ये नॅशनल लीगचा सर्वोत्तम पिचर ठरला. त्या मोसमात त्याचे चेंडू झेलायला अनेकदा डेव्हिसच बसलेला असायचा.